गाळातली वाघीण

मुकादमाने गटाराचं झाकण उघडून काठीने गाळ वर काढला. त्यात लालभडक अळ्या वळवळत होत्या.

"बघ लहानू, अळ्या जिवंत आहेत, म्हणजे आत हवा आहे. उतर."

लहानूने एक अळी तळहातावर घेतली. "मुकादम, लेकीच्या पुस्तकात आहे ही. वाघीण आहे! अंगात आपल्यासारखंच लाल रक्त, पण आपल्याहून कितीतरी चिवट. माणूस दोन श्वासांत मरतो तिथे ही कणभर प्राणवायूही घट्ट धरून जगते. हे जमायला तिच्या जातीला कोट्यवधी वर्षं लागली. मला ते जमवायला तुम्ही दोन मिनिटं देताय?"

"लई शहाणा झालास! तू नाही तर दुसरा उतरेल."

"कसा उतरेल?" लहानूने अळी अलगद गाळात सोडली, झाकण ओढून बसवलं आणि त्यावर मांडी घालून बसला.