नदीचा ताप

एकाहत्तरच्या हिवाळ्यात सर्व्हेचे एक साहेब संगमनेरजवळ प्रवरेच्या घाटावर येऊन रोज सकाळी डोहात दोरीनं सोडून ठेवलेला थर्मामीटर बघत बसू लागले. धुणं धुणाऱ्या मालनबाईंनी एकदा विचारलं, “काय बघताय?” “नदीचं तापमान.” “ताप? आन किती हाय?” “बावीस.” मालनबाईंच्या हातातलं लुगडं वाहून गेलं. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं सांगितलेलं त्यांना पाठ होतं, माणसाला अठ्ठ्याण्णव पाहिजे. सासरे गेले तेव्हासुद्धा पंचाण्णव होता! दुपारपर्यंत गावभर झालं, नदी गार पडली. मग गार पडलेल्या माणसाला जे करतात तेच बायकांनी केलं. दुसऱ्या सकाळी साहेब येऊन बघतात तर काठावर चुली पेटलेल्या, आणि बायका सुंठीच्या काढ्याचे हंडे नेमके थर्मामीटरच्या दोरीपाशी ओततायत. पारा तिसावर! “अहो, थांबा!” साहेब ओरडले. “वरच्या अंगाला अणुवीज केंद्र काढायचा विचार चाललाय. त्याचं गरम पाणी नदीत सुटल्यावर मासे जगतील का, ते बघायचंय. म्हणून आधी नदी आहे तशी मोजायची होती!” मालनबाईंनी हंडा खाली ठेवला. “म्हंजी नदीला ताप आननार तुमी, आन मोजनार बी तुमीच?” मालनबाईंनी पुढे होऊन साहेबांच्या कपाळाला हात लावून बघितला आणि बायकांकडे वळून म्हणाल्या, “ताप हितं हाय गं. काढा उरलाय का?”