बदललेला आवाज

कस्तुराला सकाळी कंपनीच्या गेटवरच अडवलं. सिक्युरिटीवाल्याने तिचं कार्ड काढून घेतलं आणि "उद्यापासून येऊ नका" एवढंच सांगितलं. रस्त्याच्या कडेला उभं राहून तिने मिनलला फोन केला. ती रडली नाही.

"मिनलताई, त्यांना कळलं," म्हणाली आणि फोन ठेवला.



'एका पंगतीत' हा पॉडकास्ट मिनल आणि दिव्या मिळून चालवत. जातीवरून, बाईपणावरून, अपंगत्वावरून कामाच्या जागी माणसाला कसं बाजूला बसवतात, ते ज्याचं त्याने तिथे येऊन सांगायचं. त्यातूनच दोघींची सल्लागार कंपनी उभी राहिली होती. कारखाने बोलवायचे, दोघी जाऊन साहेबलोकांची शिबिरं घ्यायच्या. मिनल फटकळ, दिव्या गोड बोलणारी. माइकसमोर मिनलने बसायचं आणि गिऱ्हाईक दिव्याने आणायचं, ही वाटणी कॉलेजपासूनच्या मैत्रीत आपोआप पडून गेली होती.

कस्तुरा चाकणच्या एका कारखान्यात लायनीवर होती. तिच्या बाटलीतलं पाणी कुणी पीत नसे. संडास धुवायचा माणूस आला नाही की सुपरवायझर आडनावं बघून बायका निवडायचा. हे सगळं तिने दिघीला मिनलच्या घरी बसून सांगितलं होतं. दोघींनी तिचं नाव बदललं, आवाज बदलला, कारखान्याचाही उल्लेख टाळला. त्या दिवशी घरात या तिघी होत्या आणि चहा करून देणारे अण्णा.

अण्णा म्हणजे ज्ञानदेव, मिनलचे वडील. त्यांची उभी हयात त्याच कारखान्यात गेलेली. पॉडकास्ट सुचला तोही त्यांच्यामुळेच. आपण कँटीनमध्ये जाऊन बसलो की टेबल कसं भराभर रिकामं व्हायचं, हे ते मुलांना हसत हसत सांगत. ते हसणं मिनलला अजून सहन होत नसे. कस्तुराचं ऐकताना मात्र ते हसले नव्हते. जाताना तिला म्हणाले, "धीराची आहेस, बाय."

मग फुटलं कुठून?

त्याचा धागा मिनलला चारेक दिवसांनी मिळाला. त्या कारखान्याचा माल वाहणारा रणजीत भोसरीत भेटला आणि सहज बोलून गेला, "तुमच्या दिव्या मॅडमचं आमच्याकडं जोरात दिसतंय. दोनदा बघितलं. एचआरच्या साहेबांबरोबर दार लावून बसल्या होत्या."

हे कधी, ते विचारायचं मिनलला सुचलं नाही. तो कारखाना गिऱ्हाईक म्हणून मिळावा यासाठी दिव्या वर्षभर धडपडत होती, तेवढंच तिला आठवलं. ती तशीच वाकडला दिव्याच्या फ्लॅटवर गेली.

"तू चाकणला गेली होतीस?"

दिव्याने लॅपटॉप मिटला. "गेले होते."

"मला न सांगता?"

"हो."

"कस्तुराचं नाव त्यांना कुणी दिलं, दिव्या?"

दिव्याने बाल्कनीकडे तोंड वळवलं. "माझ्याकडून गेलं असं समज," ती म्हणाली. "आणि संपव हा विषय."

"समज म्हणजे? गेलं की नाही?"

"गेलं."

इतकी वर्षं जे बोलायचं नाही असं मिनलने ठरवलं होतं, ते तिच्या तोंडून निघून गेलं. "शेवटी तुमच्या लोकांना आम्ही म्हणजे विषयच. भाग झाला, टाळ्या मिळाल्या, आता विकून टाका."

दिव्याचा चेहरा उतरला. पण ती चकार शब्द बोलली नाही. आणि त्या गप्प बसण्याने तर मिनलची खात्रीच पटली.

पुढच्या भागात मिनलने दिव्याचं नाव घेऊन सगळं सांगितलं. तो भाग आजवरच्या सगळ्या भागांपेक्षा जास्त ऐकला गेला. दिव्याची ठरलेली शिबिरं एकेक करून रद्द झाली. दिव्याने ना खुलासा केला, ना फोन.

घरी मिनलने मन मोकळं करावं अशी परिस्थिती नव्हती. तिचा धाकटा भाऊ संघर्ष नुकताच अण्णांच्याच कारखान्यात पर्मनंट झाला होता आणि घरात पाहुण्यांची ये-जा चालली होती. त्या गर्दीतही अण्णांनी तो भाग ऐकला. रात्री ताटावर बसले आणि न जेवताच उठले.

"पोरीला एवढं उघडं पाडायला नको होतं," म्हणाले.

"तुम्ही फार साधे आहात, अण्णा," मिनल म्हणाली.

एका रविवारी ती कस्तुराला भेटायला राजगुरुनगरला गेली. निदान तुझ्या नावाने मी भांडले, एवढं तरी तिला समोरासमोर सांगता यावं. कस्तुराने पाणी दिलं, पण ती समोर बसली नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"काम मिळालं का कुठे?" मिनलने विचारलं.

"मिळालं. दिव्याताईंनी लावून दिलं."

"आता उपकार करते होय? आधी गळा कापायचा आणि मग—"

"तुमचा त्यो भाग आइकला मी," कस्तुरा मध्येच म्हणाली. "तवाधरनं झोप न्हाई मला. त्यांनी न्हाई वो सांगितलं. माझं काम गेल्यावर त्या भांडायला गेल्या हुत्या तितं, दोन येळा. मी गेटाभाईर थांबल्याली. दुसऱ्यांदा गेल्या तवा सायबानं त्यांना चुगली करणाराचं नाव सांगितलं. भाईर आल्या आन् रस्त्यातच मटकन बसल्या. मग मला शपत घातली."

"कसली शपथ?"

कस्तुरा नजर खाली वळवून हळूच म्हणाली, "म्हनल्या, मिनलला कदी कळू दिऊ नको. तिचा अण्णांवर लई जीव हाय."