पोटात तुटतं

पाळणाघरात कामाला लागायचं तर आधी संगणकापुढे बसून भावनांची चाचणी द्यावी लागे. द्वारका खिलारेंची ही तिसरी खेप होती.

"आई निघून गेली आणि बाळ दाराकडे बघत रडतंय," यंत्राने विचारलं. "तुम्हाला काय वाटेल?"

"काय वाटणार? पोटात तुटतं."

पडद्यावर निकाल उमटला : भावना आढळली नाही. पोटाच्या डॉक्टरांना दाखवा.

"मागच्या दोन्ही वेळा मेल्याने हेच सांगितलं," द्वारकाबाई उखडल्या. "अहो, अजून दगड पचवीन मी!"

नवी परीक्षक केतकी हसली, आणि लगेच तिला आठवलं. तिला हॉस्टेलवर सोडून परतताना तिची आईही 'पोटात तुटतं' असंच म्हणाली होती. तिने दुरुस्तीच्या रकान्यात लिहिलं, 'पोटात तुटणं म्हणजे दुसऱ्याचं दुःख आपल्याला लागणं.'

यंत्राने निकाल बदलला. "द्वारका खिलारे उत्तीर्ण. याच उत्तरावर आजवर तीनशे बारा जणी नापास झाल्या आहेत. त्यांना परत बोलावू?"

"बोलाव," केतकी कशीबशी म्हणाली.

"तुमचा आवाज बदलला. काय वाटतंय?"

"पोटात तुटतंय."

या वेळी यंत्राने डॉक्टर सुचवला नाही.