फास्ट

"फास्ट?" इंग्रजाने विचारलं.

"फास्ट," ट्राउगोट म्हणाला.

इंग्रजाने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि खुशीत पुढे निघून गेला. ट्राउगोट हातोडा उगारून तसाच बघत राहिला. त्याच्या जर्मन भाषेत फास्ट म्हणजे जवळजवळ. होत आलं, पण झालं नाही. चाक आसावर आवळून धरणारी पाचर अजून बोटभर बाहेर होती. ती पुरती आत गेली नाही, तर वेग आला की चाक निखळणार, हे कारखान्यात झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक होतं. आणि हा बाबा "जवळजवळ" ऐकून खूश?

एल्बेकाठच्या लोमाच कारखान्याने बांधलेलं हे पहिलंवहिलं इंजिन. नाव बार्बारा. आजवर या रुळांवर धावली ती इंजिनं इंग्लंडहून पेट्यांत भरून आलेली, आणि ती हाकायला माणसंही तिथलीच. ऑग्डेन त्यातलाच. जर्मन म्हणावं तर त्याला सुप्रभात आणि बिअर एवढंच यायचं, पण ऐट अशी की इंजिन म्हणजे याच्या आजोबांची इस्टेट. आपलं इंजिन धावलं, तर याला इथे कोण विचारणार? हा विचार ट्राउगोटच्या डोक्यात शिरला तो शिरलाच. हातोडा तिथेच टाकून तो मालकांकडे धावला.

मालक लोमाच मागच्या डब्यांपाशी बायकापोरांना बसवून घेत होते. कारखान्यातल्या प्रत्येकाच्या घरचं कोणी ना कोणी त्या डब्यांत होतं. लोक आधीच म्हणत होते की लोमाचचं घरदार या लोखंडात जाणार.

"मालक, पाचर पुरती बसली नाही असं मी त्या ऑग्डेनला तोंडावर सांगितलं," ट्राउगोट धापा टाकत म्हणाला. "तरी माझ्या पाठीवर थाप मारून हसत गेला!"

"तरीच!" मालक लालबुंद झाले. "मला वाटतच होतं, यात काहीतरी मेख आहे. गावासमोर आपलं नाक कापायचंय त्याला!"

मग काय विचारता! वर्षभराची खदखद एका क्षणात बाहेर आली. ऑग्डेन इंजिनावर चढत होता, त्याला कॉलर धरून खाली ओढलं ते ट्राउगोटनेच. "खाल्ल्या घरचे वासे मोजतोस होय रे!" लोहारखात्यातला थोराड फोल्कमार गरजला. कुणी ऑग्डेनची टोपी उडवली, कुणी गचांडी धरली. तो बिचारा सगळ्यांकडे बघत एकच शब्द ओरडत होता, "फास्ट! फास्ट!"

"ऐका, अजून तेच!" फोल्कमार म्हणाला आणि लोक आणखी भडकले.

"बेन्नो, चढ वर!" मालकांनी हाक दिली. "तू हाक. आपलं इंजिन आपलाच माणूस हाकेल."

बेन्नो म्हणजे ट्राउगोटचा धाकटा भाऊ. ऑग्डेनच्या हाताखाली भट्टीत कोळसा टाकता टाकता सगळं शिकलेला. तो वर चढला तशा लोकांनी टोप्या उडवल्या. ट्राउगोटने ऑग्डेनला ढकलत कोळशाच्या कोठीत नेलं, बाहेरून कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. त्याला हे दृश्य चुकवायचं नव्हतं. वाजंत्री सुरू झाली, घंटा घणघणली. बार्बाराने वाफेचा लोट सोडला आणि डबे हलले. खिडकीखिडकीतून रुमाल फडफडत होते. ट्राउगोटचे डोळे भरून आले. आई असायला हवी होती, असं त्याला वाटून गेलं.

तेवढ्यात लीस्बेट धावत आली. पाववाल्याची ही पोर गेल्या नाताळात ऑग्डेनशी लग्न करून बसली होती, म्हणून निम्मं गाव तिच्याशी बोलत नव्हतं. दाराच्या फटीतून ती नवऱ्याशी इंग्रजीत भराभर बोलली. मग वळली.

"ट्राउगोटदादा, यांनी काय विचारलं होतं तुम्हाला?"

"फास्ट का, म्हणून. मी म्हटलं, फास्ट."

"अहो दादा," लीस्बेटने कपाळावर हात मारला, "यांच्या भाषेत फास्ट म्हणजे घट्ट! यांनी विचारलं, पाचर पक्की बसली का. तुम्ही म्हणालात, बसली!"

ट्राउगोटला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. एका शब्दापायी एका सरळ माणसाची चारचौघांत धिंड काढली, आणि तीही आपण! त्याने कडी काढली. ऑग्डेन बाहेर आला. ओठ फुटला होता, सगळं तोंड कोळशाने माखलं होतं.

"मला माफ करा, साहेब," ट्राउगोट म्हणाला. "माझंच चुकलं. मालकांना मी स्वतः सांगतो. सगळ्यांसमोर सांगतो."

लीस्बेटने ते नवऱ्याला सांगितलं. पण माफीकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो रुळांकडे बघत होता. घाबऱ्या आवाजात त्याने बायकोला काहीतरी विचारलं.

"हे म्हणतायत, माफीचं राहू दे," लीस्बेट म्हणाली. "म्हणजे तेव्हा पाचर बसलेली नव्हतीच ना? मग नंतर ती ठोकली कुणी?"

दूर, पुलापलीकडच्या उताराला लागून, बेन्नोची बार्बारा वेग धरत होती.