उत्तराचे ठोके

धक्क्यावरच्या क्रेनने छोटी पाणबुडी उचलली तसं तिच्या पोटातून धो धो पाणी गळू लागलं. ते गळायचंच. ही पाणबुडी नावालाच. आत कोणी कोरडं राहत नाही. पुढे चालक, पत्र्याच्या पडद्याआड मागे दोन पाणबुडे आणि सगळ्यांच्या अंगाभोवती काळं, गार पाणी. बोलायची सोय नाही. चालकाने अधूनमधून पत्र्यावर ठोका मारायचा, की मागून उत्तर यायचं. मामाचा एक, भाच्याचे दोन. दोघं सख्खे मामा-भाचे होते.

आजचा नुसता सराव होता. कोणी बाहेर पडायचं नाही, लांब फेरा मारून परत यायचं. तो विनासायास पार पडला म्हणून चालक खुशीत होता.

"उठा कुंभकर्ण महाराज, धक्का आला!" मागचं झाकण सरकवून त्याने भाच्याच्या खांद्यावर थाप मारली.

भाचा हलला नाही.

त्याला उन्हात फळ्यांवर उताणं निजवलं. हवेची नळी मुखवट्यापाशी मुरगळली होती. डॉक्टरांनी मानेला हात लावला, डोळे पाहिले आणि ते उभे राहिले.

"बराच वेळ झालाय. जातानाच गेला असणार. बोटं बघ कशी आखडलीत."

"कसं शक्य आहे साहेब?" चालक ओरडलाच. "आत्ता बंदरात शिरताना उत्तर दिलंय त्याने! दर वेळी दिलंय. एकदा जरी चुकला असता, तरी मी तिथल्या तिथे वर घेतली असती."

मामा ओल्या पोशाखातच भाच्याच्या पायाशी बसला होता.

"मी दिलं," तो म्हणाला. "त्याचंही मीच."

चालकाला काही कळेना.

"नेहमीच देतो. त्याला डुलकी लागते, मग वर आल्यावर तू शिव्या घालतोस. म्हटलं, कशाला. त्यात काल त्याच्या पोरीला दात येतायत म्हणून रात्रभर झोपेचं खोबरं झालेलं. कोपराने ढोसलं मी एकदा. हलला नाही. म्हटलं, झोपू दे बिचाऱ्याला."

मामाने भाच्याला पाठीशी घालायचं नाही तर कोणी, असं म्हणून चालकच आजवर हसत आला होता. आता मामाचा गळा आवळावा असं त्याला वाटलं, आणि त्याच गळ्यात पडून रडावं असंही वाटलं. तो नुसता उभा राहिला.

"ताईला काय सांगू रे मी?" मामाने विचारलं.



रुग्णवाहिका आली. स्ट्रेचर आत गेलं, मामा शेजारी बसला. चालकाने दार लावलं आणि निघा म्हणून सवयीने पत्र्यावर ठोका मारला.

आतून उत्तर आलं. एक. मग, जरा थांबून, दोन.