पाईपातली दोरी

नागेंद्रनं भिंतीतल्या पाईपाच्या तोंडात बोट घालून दोरीचं टोक बाहेर काढलं.

"निम्मं काम झालंय की हो, मारुतीराव."

"व्हय. गेल्या आठवड्यात एकजण येऊन पाईप घालून दोरी सोडून गेला. प्रोजेक्टर आला की केबल ओढतो म्हणाला. त्याचा नंबर गवंड्याकडं, आणि गवंडी गेलाय गावाला. मग प्रोजेक्टरच्या दुकानदाराकडनं तुमचा मोबाईल नंबर घेऊन तुम्हाला बोलावलं."

निपाणीतल्या या नव्या बंगल्यात मारुतीरावांना घरातच थिएटर हवं होतं. पडद्याखालच्या कपाटापासून मागच्या छताला टांगलेल्या प्रोजेक्टरपर्यंत पंधरा मीटर केबल, सगळी भिंतीच्या पोटातून. बाहेर एक इंच दिसता कामा नये, असं त्यांनी तीनदा बजावलं होतं.

दोरी आत सरकू नये म्हणून टोकाला खिळा बांधला होता. ती गाठ बघून नागेंद्रचा हात थांबला. खुंट्याला बैल बांधतात तशी दाव्याची गाठ. नागेंद्रसारख्या वडगावच्या विणकराच्या घरात अशी गाठ कुणी मारत नाही. त्याच्या ओळखीत ती मारणारा एकच वायरमन होता, आणि त्यावरून नागेंद्रनं त्याची कितीदा थट्टा केली होती. बेळगुंदीच्या शेतकरी घरातला सौरव. नागेंद्रच्या बहिणीचा, मंगलचा नवरा.

दोरीही घरचीच होती, मागावरच्या उरलेल्या सुताची, सहापदरी. भिंत घासताना उडालेली पुट्टी पाईपात भरली होती, त्यामुळं ती पिठात घोळल्यासारखी पांढरी झाली होती. सौरव जाताना हत्यारांच्या पिशवीबरोबर अशा दोरीची अख्खी लड घेऊन गेला होता.

त्याला दहा महिने झाले. धंदा नागेंद्रनं शिकवला, दुकानाच्या पाटीवर आपल्याबरोबर नाव घातलं, आणि हा एका सकाळी कुणाला न सांगता निघून गेला. फोन बंद. तेव्हापासून मंगल भावाकडंच होती. घरातला माग ती चालवायची, दुकानाचा फोनही तीच घ्यायची. हल्ली फोनसुद्धा फारसे येत नव्हते.

बहीण अशी बसलेली असताना आपण बाशिंग कसं बांधायचं, म्हणून नागेंद्रनं, जिच्याशी त्याचं लग्न ठरलं होतं त्या शहापूरच्या सौम्याच्या घरच्यांना थांबायला सांगितलं. त्यांनी आठ महिने वाट बघितली. गेल्या महिन्यात सौम्याचं लग्न दुसरीकडं झालं. त्याला फार लागलं होतं ते, पण मंगलसमोर त्यानं कधी चकार शब्द काढला नाही.

"माणूस कसा होता हो? डाव्या भुवईवर खूण?"

"व्हय, व्हय. वळखता?"

"तोंडओळख हाय. फोन त्यानंच उचललेला?"

"न्हाय. गवंड्यानं फोन लावून माझ्याकडं दिला, तवा बाईमाणूस होती. लई गोड बोलली. 'आमचे हे सोमवारी येतील' म्हणाली."

नागेंद्रनं दाव्याची गाठ सोडून खिळा काढला. म्हणजे दुसरा संसार! इकडं मंगल कुंकू जपत बसलीय, आणि तिकडं याचा फोन उचलायला घरात बाई आहे.

तो कामाला लागला. केबलचं तोंड दोरीला धरून टेप गुंडाळली. मारुतीराव खालून सोडत गेले, तो वरून ओढत गेला. वळणावर अडली, तेव्हा जरा मागं घेऊन पुन्हा ओढली. पडद्यावर चित्र आलं आणि मारुतीराव लहान मुलासारखे हसले.

केबल ओढली तरी पाईपात पुढच्यासाठी दोरी ठेवायची, ही या धंद्याची रीत. नागेंद्रनं केबलबरोबर आपली प्लॅस्टिकची सुतळी आत ओढून घेतली होती. घरची दोरी आता त्याच्याजवळही नव्हती. पंधरा दिवसांपूर्वी, मंगलकडून साड्या विणून घेणाऱ्या शेठनं नव्या रंगाचं सूत दिलं, जांभळं आणि पोपटी. साडी बाजारात येईपर्यंत धागासुद्धा घराबाहेर जाता कामा नये, अशी अट होती. नागेंद्रनं दोरीपुरते तुकडे मागितले, तर मंगल फटकन म्हणाली होती, "शेठला काय सांगू मी? एक धागा मिळायचा न्हाय."

सौरवची दोरी त्यानं गुंडाळून खिशात घातली. फेकवेना.

बेळगावपर्यंत बसमध्ये तो एकच विचार करत होता. मंगलला सांगायचं कसं? वडगावात शिरेपर्यंत त्यानं ठरवलं, सांगायचंच नाही. आधी त्या बाईचा छडा लावायचा.

घरात माग खडखडत होता. त्याला बघून मंगलनं तो बंद केला.

"अण्णा, कळलं काय ह्यांचं?" रोजचाच प्रश्न. डोळे रोजच्यासारखेच भरलेले.

"न्हाय गं," नागेंद्र म्हणाला. तिच्याकडं बघवेना, म्हणून तो थेट परसातल्या नळाकडं गेला.

रुमाल काढताना खिशातली दोरी नळाखालच्या बादलीत पडली. पाणी पांढरं झालं. त्यानं दोरी उचलून दोनदा पिळली. पुट्टी निघून गेली.

जांभळी. मधून पोपटी पीळ.

दारात मंगल टॉवेल घेऊन उभी होती. तिची नजर त्याच्या हातावर गेली.

"अण्णा," ती हळूच म्हणाली, "आज निपाणीला गेलतास व्हय?"