मावशीच्या हातचा केक

"घरीच केला गं," संगीता म्हणाली. "बाहेरचा केक मी पोराला देतच नाही."

संजीवनीचा चमचा तोंडाशीच थांबला.

संगीताच्या मुलाचा, स्वरूपचा वाढदिवस होता. शहापुरातल्या त्या दोन खोल्यांत इमारतीतल्या बायका जमल्या होत्या आणि सगळ्या संगीताचं कौतुक करत होत्या. संगीता म्हणजे संजीवनीची सख्खी थोरली बहीण. केक मात्र आला होता मुरबाडजवळच्या खेड्यातून, एसटीने, संजीवनीच्या मांडीवर बसून. तांदळाचा रवा, गूळ आणि किसलेली काकडी, जाड बुडाच्या पातेल्यात, खाली निखारे आणि झाकणावर निखारे. बेकरीच्या क्रीमला विटलेल्या बायका बोटं चाटत होत्या. आणि ही बया सगळं श्रेय खुशाल पदरात पाडून घेत होती. तोंडातून बहिणीचं नाव नाही! लाज कशी वाटत नाही माणसाला?

"इतका जाळीदार कसा गं झाला?" शेजारच्या सुरेखाने विचारलं. सुरेखा बचत गट चालवायची.

"अंदाज लागतो," संगीता म्हणाली आणि घाईने चहा ओतायला आत गेली.

अंदाज! संजीवनीला हसू आलं आणि त्याहून जास्त राग आला. जिने आयुष्यात निखारा हलवला नाही, तिने अंदाजाच्या गप्पा माराव्यात?

तिने टेबलावर नजर फिरवली. केकबरोबर आणलेलं कार्ड कुठेच दिसेना.

नात्यात कोणाचाही वाढदिवस असो, मामाचा, आत्याचा, भाच्याचा, संजीवनीकडून कार्ड आणि केक जाणार हे ठरलेलं. नातेवाइकांत तिचा हा छंद एव्हाना सगळ्यांना ठाऊक होता. जुन्या लग्नपत्रिका ती जपून ठेवायची आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर वाळवलेली फुलं चिकटवायची. या वेळी तेरड्याची गुलाबी फुलं होती. सकाळी केक चुलीवर होता, तेव्हाही ती ओटीवर बसून पाकळ्या चिकटवत होती. गोंद अजून तिच्या नखांत होता.

ती संगीताच्या मागे स्वयंपाकघरात गेली. कार्ड तेलाच्या डब्याखाली सापडलं. पालथं. एका कोपऱ्याला तेल लागलं होतं.

मग मात्र तिचा तोल गेला.

"ताई, हे काय आहे?"

संगीताने मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अगो, हळू. बायका ऐकतील."

"ऐकू देत की! केक तू केलास?"

"तसं नाय गो. चार बायकांत निघून गेलं तोंडातून. आपल्याच घरातलं आहे ना? तुझं काय, माझं काय."

"वा गं वा! पहाटे उठून धुरात डोळे चोळायचे, निखारे सांभाळायचे, ते कोणी? आणि नाव कोणाचं? दुसऱ्याच्या मेहनतीवर आपलं नाव लावायचं, याला चोरी म्हणतात, ताई."

"चोरी? सख्ख्या बहिणीला चोर म्हणतेस?"

"म्हणते. राबायचं एकीने आणि मिरवायचं दुसरीने. मला असल्या माणसांची किळस येते."

संगीताचं तोंड उतरलं. तिने पदराने कार्डावरचा डाग पुसायचा प्रयत्न केला. तेल आणखीच पसरलं. मग ते कार्ड हातात घेऊन ती बाहेर गेली. मानी बाई, पण त्या दिवशी तिने ते केलं. सगळ्या बायकांसमोर तिने कार्ड मोठ्याने वाचलं.

"लाडक्या स्वरूपला, मावशीच्या हातचा केक. प्रेमाने, संजीवनी."



"केक माझ्या बहिणीचा आहे," संगीता म्हणाली. "मी उगाच बोलून गेले."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. संजीवनीला मधोमध बसवलं, तिचे फोटो काढले. सुरेखाने तिचा हात धरला.

"दिवाळीला बाजारात आमच्या गटाचा स्टॉल असतो. हा केक ठेवू. पाटीवर तुझं नाव लिहू, मोठ्या अक्षरांत. चालेल ना?"

"चालेल की," संजीवनी म्हणाली.

"मग सांग, निखारे कधी काढायचे?"

"ते... हाताला कळतं," संजीवनी म्हणाली आणि प्लेट ठेवायला उठली.

निघताना संगीताने खाली मान घालून संजीवनीच्या पिशवीत रिकामं पातेलं घातलं. जिची चूक तिने मान खाली घालावी, हे संजीवनीला अगदी योग्य वाटलं. मुरबाडच्या एसटीत खिडकीशी बसून ती सुरेखाने पाठवलेले फोटो पुन्हा पुन्हा बघत होती.

घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. तिच्या सासूबाई गुणाबाई चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांच्या उजव्या हाताला ओलं फडकं गुंडाळलेलं होतं.

"आलीस गो? पोरांनी खाल्ला का?"

"खाल्ला, आई. एक तुकडा उरला नाय."

गुणाबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी पिशवीतून पातेलं काढलं, बूड उलटं करून पाहिलं आणि डाव्या हाताने राखेने घासायला घेतलं.

"मला घोर लागलेला. पहाटं निखारं इझत व्हतं, झाकण उचलाया गेली तं हात भाजला. म्हटलं, माझा केक आतून कच्चा राह्यतो का काय."

"चांगला झाला होता."

"मंग बरं." म्हातारी घासता घासता थांबली. "आन कार्डावर माझं नाव लिवलंस ना गो, दर टायमाला लिवतेस तसं?"

"लिहिलं ना, आई," संजीवनी म्हणाली.